आमची वाटचाल : अठराव्या दिवसाची सुई

इंदूरहून महूकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची छोटी हॅचरी आहे, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायची जागा. सुरुवातीला एकच सेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र होतं. अंडी ट्रेमध्ये मांडायचं काम मी आणि हे, दोघंच करायचो. पिल्लं बहुतेक झाबुआकडे जातात, कडकनाथ पाळणाऱ्यांकडे.

एकदा तिकडून फोन आला, कोंबड्या बसल्यात, उठत नाहीत. मी गेले. चार महिन्यांची कोंबडी एक पाय पुढे, एक मागे ताणून पडली होती. डोळे स्वच्छ, भूकही होती, पण समोरच्या दाण्यापर्यंत तिला सरकता येईना. मारेक्स, कोंबड्यांचे पाय लुळे पाडणारा रोग. याचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकला जातो. कडकनाथ पाच-सहा महिने सांभाळावा लागतो, तेवढ्यात रोग डोकं वर काढतो. आम्ही पहिल्या दिवशी मानेत लस द्यायचो, पण ती बॅच घाईत निघाली होती. काही पिल्लं आमच्याच हातून सुटली असणार. त्यांचे पैसे परत केले, तरी ती कोंबडी डोळ्यांसमोरून हलेना.

मग कर्ज काढून अंड्यातच लस देणारं यंत्र घेतलं. उबवणीचे 21 दिवस. 18व्या दिवशी अंडी हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं बाहेर येतात त्या यंत्रात हलवायचीच असतात, तेव्हाच टोचायची. बोथट टोकाला बारीक भोक, आतल्या हवेच्या पोकळीतून सुई पिल्लाभोवतीच्या पाण्यात, आणि 0.05 मिली लस. पिल्लू बाहेरच्या कोंड्यात श्वास घेण्याआधीच त्याच्या अंगात तयारी सुरू झालेली असते.

लस मात्र फार नाजूक. द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर राहते, तिची कुपी 27 अंशांच्या पाण्यात धरून लस वितळवायची आणि तिच्या द्रावणात मिसळली की तासाभरात संपवायची. त्या तासात मी फोन घेत नाही.

पहिल्या पावसाळ्यात फटका बसला. भोकांवाटे बुरशी शिरली, पिल्लं धापा टाकू लागली. तेव्हापासून अंडी दिव्यासमोर धरून निष्फळ आणि सडकी आधीच बाजूला काढतो, सुया क्लोरीनच्या पाण्यातून काढतो. टोचणीच्या खोलीत धूळ दिसली तर काम थांबतं, गाडी दारात उभी असली तरी.

तेच झाबुआचे गृहस्थ यंदा परत आले. पिल्लं मोजून घेण्याआधी म्हणाले, "ताई, टरफलं दाखवा." हॅचरच्या ट्रेमधून मूठभर आणून दिली. टरफलाची एकेक बोथट टोपी उजेडाकडे धरून त्यांनी भोक शोधलं, मग खोके गाडीत चढवायला सांगितले.