आमची वाटचाल : विश्वासाने चालवलेला छापखाना

छपाईच्या व्यवसायात ग्राहकाच्या नजरेआड राहणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. कोटेशनमध्ये ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) कागद लिहून काम ७० जीएसएमवर छापून दिले, तर बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. वेस्टेजच्या, म्हणजे छपाईत वाया जाणाऱ्या कागदाच्या, नावाखाली जास्तीचे रीम (कागदाचे गठ्ठे) बिलात लावता येतात आणि मोठ्या गठ्ठ्यांत थोड्या प्रती कमी बांधता येतात. आम्ही पती-पत्नीने हा छापखाना सुरू केला, तेव्हा प्रभू येशूवरील आपला विश्वास नेमक्या अशाच जागी खरा ठरला पाहिजे, हे आधी ठरवले.

बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात देव आपल्या लोकांना खरा तराजू आणि खरी वजने बाळगायला सांगतो. ही आज्ञा आम्ही शब्दशः घेतली आणि कटिंग मशीनशेजारी एक संवेदनशील काटा ठेवला. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा कापून त्यावर ठेवला, की ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.८ ग्रॅम भरतो. आलेला माल आम्ही असा तपासतो आणि ग्राहकाने म्हटले तर त्याच्यासमोरही तोलतो. ठरलेला कागद बाजारात मिळाला नाही, तर छपाईला हात घालण्यापूर्वी ग्राहकाला फोन जातो आणि कागद हलका असेल तर दरही त्याप्रमाणे उतरतो.

याहून कठीण गेली ती तारखेची बाब. आमच्या धंद्यात सर्वाधिक असत्य बोलले जाते ते काम केव्हा मिळेल याविषयी. छपाईची प्लेटसुद्धा तयार नसताना ‘बाइंडिंगला गेले आहे’ असे सांगणे इतके अंगवळणी पडलेले असते की, त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात प्रभूने आपले बोलणे होय तर होय, नाही तर नाही, इतके सरळ ठेवायला सांगितले आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या व्यापाऱ्यांनी याच शिकवणीला धरून घासाघीस सोडली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच भाव सांगायला सुरुवात केली. आम्हीही सर्वांसाठी एकच दरपत्रक ठेवले, आणि फोनवर कामाची खरी स्थिती सांगण्याची मुभा, किंबहुना जबाबदारी, प्रत्येक कारागिराला दिली. सुरुवातीला काही कामे हातची गेली. ती परत आली असे मी म्हणणार नाही, कारण बरीचशी आली नाहीत. पण मालकासाठी खोटे बोलण्याचे ओझे आमच्या माणसांवर राहिले नाही, याचे मोल मला अधिक वाटते.

मजुरीबाबत बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २४ वा अध्याय फार स्पष्ट आहे : गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो, आणि हा मजूर स्वकीय असो वा परका, नियम एकच. आमच्याकडे पगार महिन्याचा असला तरी या आज्ञेचा गाभा आम्ही असा पाळतो की, हाती आलेल्या पैशातून आधी पगार निघतो, मग कागदवाल्याचे बिल आणि सर्वांत शेवटी आमचा वाटा. वसुली अडकली म्हणून कारागिराला थांबवणे म्हणजे आपली उधारी त्याच्या घरावर टाकणे होय. दानाविषयी इथे काही लिहीत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण त्यासाठी पुरेशी आहे.

काही कामे आम्ही नाकारतो. दुसऱ्याच्या पुस्तकाच्या चोरून काढायच्या प्रती, वाढीव रकमेचे बिल, कोणाच्या बदनामीचे निनावी पत्रक ही ती कामे. ‘आम्ही फक्त छापतो, मजकूर तुमचा’ ही पळवाट मला पटत नाही, कारण खोटी साक्ष कागदावर उमटते ती आमच्याच शाईने. नकार मात्र सौम्य शब्दांत द्यावा, ग्राहकाला उपदेश करू नये, असा आमचा दंडक आहे. कामाआधीच्या प्रार्थनेलाही तोच नियम लागू आहे : आमच्याकडे निरनिराळ्या धर्मांची माणसे आहेत, ज्याला यायचे तो येतो, आणि न येणाऱ्याच्या कामाच्या वाटपात किंवा पगारवाढीत त्याची सावलीही पडू देत नाही.

सध्या आम्ही फोल्डिंग मशीन घेण्याच्या विचारात आहोत. त्यामुळे वेग वाढेल, पण हाताने घड्या घालणाऱ्या भगिनींचे काम जाईल. अनुवादाच्या त्याच अध्यायात जात्याची तळी (दगड) गहाण घेण्यास मनाई आहे, कारण ते माणसाचे जगण्याचे साधन असते. म्हणून आम्ही आधी त्या भगिनींशी बोललो. दोघींना यंत्र चालवायला शिकायचे आहे, तर एका ज्येष्ठ भगिनीला यंत्र नको, प्रूफ तपासण्याचे काम हवे आहे. त्यांचे प्रशिक्षण सुरू झाले असून ते पूर्ण झाल्यावरच यंत्राची ऑर्डर दिली जाईल.