मीटरच्या पुढची वीज कोणाची?

वीज गेली म्हणून तक्रार केली, लाईनमन आला, खांब बघितला, मीटर बघितलं आणि "सप्लाय बरोबर आहे, तुमचा वायरमन बोलवा" असं सांगून गेला, की माणूस वैतागतो. पण बहुतेक वेळा लाईनमन नियमाला धरूनच बोलत असतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत हद्द ठरलेली आहे : ग्राहकाच्या जागेत वीज कंपनीने जे कटआउट (फ्यूजचा डबा) बसवलेलं असतं, त्याचं बाहेर जाणारं टर्मिनल. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, कटआउट आणि कंपनीचं मीटर कंपनीने सांभाळायचं. त्यापुढचा मेन स्विच, डीबी (खटक्यांची पेटी), एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा खटका), भिंतीतल्या वायरी, आर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) हे सगळं आपलं. मीटर कंपनीचं असलं तरी आपल्या जागेत आहे तोवर ते नीट ठेवणं आपल्याकडे येतं. मीटर चोरीला गेलं किंवा आपल्या चुकीने जळलं, तर नव्याची किंमत आपल्याकडून घेता येते.

सोसायटीत घोळ जास्त होतो. मीटर तळमजल्याच्या मीटर रूममध्ये आणि घर चौथ्या मजल्यावर. मधली केबल मीटरच्या पुढची, म्हणजे ती कंपनीची नाही. डक्टमधून जाणारी ही केबल उंदराने कुरतडली किंवा तिच्यावर गळतीचं पाणी पडत असलं, तर दुरुस्ती सदनिकाधारकाने किंवा सोसायटीने करायची. मीटर रूम कोरडी ठेवणं, तिथे सायकली आणि रद्दी न टाकणं, हेही सोसायटीचंच काम. मीटरखाली रचलेली रद्दी हा आगीला दिलेला निमंत्रणाचा कागद आहे, याबद्दल कमिटीशी भांडावं लागलं तरी भांडा.

रात्री अंधार झाला तर कोणाला फोन करायचा, हे दोन मिनिटांत कळतं. शेजारी दिवे आहेत का पाहा. असतील तर मीटरचा डिस्प्ले पाहा. डिस्प्ले नेहमीसारखा चालू आणि घरात अंधार, तर दोष बहुधा आपल्या बाजूला. डिस्प्ले बंद असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय आणि एकही उपकरण चालत नाही, तर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) कुठेतरी तुटलंय. दिवे अचानक लख्ख झाले, पंखा जोरात फिरायला लागला, तर विचार करत बसू नका, मेन स्विच बंद करा. मागे कुठेतरी थ्री फेज लाईनचं न्यूट्रल सुटलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी २४० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घरात येऊ शकतात, आणि फ्रिज-टीव्ही जळायला काही सेकंद पुरतात. हे काम कंपनीचं आहे, तक्रार करताना "न्यूट्रल सुटलंय" असंच सांगा.

आता आपल्या बाजूचं, जिथे तपासायला कोणीच येत नाही. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आर्थिंग. केंद्रीय सुरक्षा नियमांत कंपनीने ग्राहकाला आर्थ टर्मिनल द्यावं असं आहे, पण पुष्कळ घरांत प्रत्यक्षात घरमालकाने केलेलं आर्थिंगच कामाला येतं. पाइप आर्थिंग करायचं तर ४० मिमी व्यासाचा, किमान अडीच मीटर लांब जीआय पाइप उभा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात जमीन सुकली की रोध (करंटला होणारा अडथळा) वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहायचं. वरचा क्लॅम्प गंजला की सगळं आर्थिंग नावापुरतं उरतं.

आणि नुसत्या आर्थिंगवर भिस्त ठेवू नका. हिशेब सोपा आहे. समजा आर्थिंगचा रोध २० ओहम. गीझरच्या कॉइलमधून फेज (करंट आणणारी वायर) बॉडीला लागला, तर २४० भागिले २० म्हणजे फक्त १२ अँपिअर जमिनीत जातील. गीझरचा एमसीबी १६ अँपिअरचा, तो पडणारच नाही. गीझरच्या बॉडीवर आणि नळावर करंट तसाच राहील. इथे आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून सप्लाय तोडणारा खटका, लागतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्या. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो सप्लाय तोडतो. जुने वायरमन यालाच ईएलसीबी म्हणतात. मात्र ओव्हरलोड त्याला कळत नाही, त्यासाठी एमसीबी हवाच. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हीला हात लागला, तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही.

आरसीसीबीवरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा, सप्लाय चालू असताना दाबा. खटका पडला पाहिजे. पण त्याने आर्थिंग तपासलं जात नाही, तो प्रवाह यंत्राच्या आतल्या रेझिस्टरमधूनच जातो.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडायला लागतो आणि वायरमन त्याला बायपास करून जातो. हे कधीही करू देऊ नका, तो पडतोय कारण कुठेतरी करंट गळतोय. सगळे एमसीबी बंद करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याने पडेल त्या सर्किटमध्ये दोष. सगळे एमसीबी बंद असतानाही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी आर्थला लागलंय, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. मग सगळे प्लग काढून पाहायचे, आणि तरी नाही सापडलं तर वायरमनने मेन बंद करून न्यूट्रल लिंकमधल्या (डीबीत सगळी न्यूट्रल जिथे जोडतात ती पट्टी) वायरी एकेक सोडवायच्या. बाहेरचा दिवा, गच्चीवरची मोटर आणि गीझर हे नेहमीचे संशयित. इन्व्हर्टर बसवल्यापासून पडत असेल, तर दोन सर्किटांची न्यूट्रल एकत्र झालीत का ते आधी पाहा.

सॉकेटमधली आर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणं हा आणखी एक घातक शॉर्टकट. मागे न्यूट्रल सुटलं की मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येतो. जुनं घर घेतलं असेल तर दोन-तीन सॉकेट उघडून एवढं तरी बघून घ्याच.

मीटरचं सील खाजगी वायरमनला तोडू देऊ नका. मीटरच्या टर्मिनलला जळका वास येत असेल तरी कंपनीलाच बोलवा. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ आणि १३८ खाली मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे. सील आधीच तुटलेलं दिसलं तर लेखी कळवा आणि पोच घ्या. एसी वाढवले असतील तर मंजूर भारही वाढवून घ्या.

वायरिंग नवीन करताना दिव्यांना १.५ चौरस मिमी आणि एसी-गीझरला ४ चौरस मिमी तांब्याची वायर घ्या. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, आणि पैसे चुकते करण्याआधी त्याच्याकडून ५०० व्होल्ट मेगरचा (वायरीच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) आकडा लिहून घ्या. तो एक मेगाओहमच्या खाली असेल तर काम पुरं झालेलं नाही.