टीबीच्या पिशवीतली बाटली

मी मराठवाड्यातल्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, फार्मासिस्ट आहे. ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या परतल्या की आमच्या खिडकीपुढची रांग एकदम लांबते. त्या दिवशी रांगेत एक जुनी पेशंट होती, टीएलडी या एचआयव्हीच्या रोजच्या एकत्रित गोळीवर चांगली सावरलेली. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, नर्सताईंच्या टीबीबद्दलच्या चारही प्रश्नांना ती "न्हाई" म्हणून आली होती. बाटली घेता घेता हळूच म्हणाली, "मॅडम, ह्या गोळ्यांनी लघवी केशरी होती का?"

टीएलडीने होत नाही. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाने होते.

आतल्या खोलीत नेल्यावर पिशवीतून टीबीच्या गोळ्या निघाल्या. कारखान्याच्या गावातल्या खासगी डॉक्टरांनी तपासून चालू केलेल्या. खोकला थांबलेला, म्हणून "न्हाई". खोटं काहीच नव्हतं. तिथे एचआयव्हीचं बोलली नाही, कारण सोबत मुकादमाची बायको होती.

रिफॅम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स इतकी वाढवतं की डोल्युटेग्राविर, टीएलडीतलं मुख्य औषध, रक्तात टिकत नाही. टीएलडीतलं ५० मिलिग्रॅम मग पुरत नाही. १२ तासांच्या अंतराने आणखी ५० ची गोळी लागते. टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे, कारण एन्झाइम्स लगेच खाली येत नाहीत. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तातला विषाणू मोजायला, रक्त घेतलं, टीबी विभागाला कळवलं. डोल्युटेग्राविरच्या जागी आधी एफाविरेन्झ होतं तेव्हा ही जादा गोळी लागत नसे. पण त्या औषधाची चक्कर आणि भेसूर स्वप्नं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना तो काळ परत नको असतो.

मी पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं विचारलं. आशाताईंकडून माला-एन चालू होती. रिफॅम्पिसिन तिचाही असर कमी करतं, आणि हे बाईला कुणी विचारतच नाही, याचा मला दर वेळी राग येतो. निरोध न चुकता वापरायला सांगितलं, कॉपर-टीबद्दल डॉक्टरांशी गाठ घालून दिली.

तिला घोर लागला होता वेगळाच. टीएलडी ती रात्री घेते, सासू झोपल्यावर. सकाळची ही दुसरी बाटली कुठे लपवायची? पुडीत बांधू नकोस, दमट हवेने गोळी खराब होते, असं मी बजावलं. तिने जरा विचार केला.

"टीबीच्या पिशवीतच ठेवते की. टीबीचं समद्या गावाला म्हाईत हाय."

बाटलीवरचं लेबल ती तिथेच नखाने खरवडू लागली. मी झाकणावर पेनाने "सकाळ" लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.