कोऱ्या डिस्कवर पास झालेल्या प्रीसीडवर विश्वास ठेवू नका

डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची, मशीन सुरू करायचं आणि आपण चहाला जायचं. प्रीसीड म्हणजे एवढंच. कॉलेजच्या लॅबमधली सगळी मशीन्स प्रॅक्टिकलच्या आधी डेबियन १२ वर आणायची होती आणि प्रत्येकापुढे बसून एंटर दाबत राहायची माझी तयारी नव्हती. चहा झाला, जेवणही झालं, पण मशीन एकाच निळ्या पडद्यावर ढिम्म उभं. हा लेख त्या पडद्यासाठीच आहे, बाकीचं काम तसं सरळ आहे.

ते आधी उरकतो. डेबियनच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये नमुना फाइल असते, ती घ्या आणि आपल्यापुरती बदला. ती ठेवलेल्या फोल्डरमध्ये पायथनचा एचटीटीपी सर्व्हर चालू करा आणि क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएम, म्हणजे संगणकातलं नकली मशीन, उभं करा. बूट करताना कर्नलच्या, म्हणजे बूटच्या, ओळीत ऑटो=ट्रू, प्रायॉरिटी=क्रिटिकल आणि फाइलची यूआरएल द्या. साध्या यूझर नेटवर्किंगमध्ये व्हीएमला आपला संगणक १०.०.२.२ या पत्त्यावर दिसतो. पायथनच्या खिडकीत ‘गेट’ची, म्हणजे फाइल मागितल्याची, ओळ आणि शेवटी २०० उमटलं की फाइल पोचली. ती ओळ आलीच नाही, तर फाइलीत डोकं खुपसू नका, घोळ नेटवर्कचा आहे.

व्हीएममध्ये सगळं सुरळीत झालं, लॅबच्या पहिल्याच मशीनवर मात्र गाडी अडली.

निळ्या पार्श्वभूमीवर करडी चौकट, तिच्यात प्रश्न: आधीचा लॉजिकल व्हॉल्यूमचा डेटा काढून टाकू का? कर्सर ‘नाही’वर. मला आधी पटेचना, कारण प्रायॉरिटी क्रिटिकल दिली होती, म्हणजे फालतू प्रश्न गप्प बसायला हवे होते. पण हा प्रश्न स्वतःच क्रिटिकल दर्जाचा आहे. डेटा पुसायचा असेल तर इन्स्टॉलर विचारणारच, आणि फाइलीत नेमक्या त्या नावाने उत्तर नसेल तर तो कोणी येईपर्यंत थांबणार. बँकेच्या खिडकीवर असतं तसं: सही केली आहे, पण इथेही एक हवी, आणि मागच्या पानावर आणखी एक.

व्हीएममध्ये हा प्रश्न येणारच कसा? तिथली डिस्क कोरी करकरीत. लॅबच्या मशीन्सवर मात्र आधीचं लिनक्स एलव्हीएमवर, म्हणजे डिस्कचे ते लॉजिकल व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर, बसवलेलं. पुसण्यासारखं काही असेल तरच पुसायची परवानगी मागितली जाते, म्हणजे कोऱ्या डिस्कवरची टेस्ट नेमका हाच भाग तपासत नाही. आणि प्रत्यक्षात कोरी डिस्क असते कुणाकडे?

खरा वैताग पुढे. पडद्यावर प्रश्नाचा मथळा दिसतो, त्याचं आतलं नाव दिसत नाही, आणि फाइलीत तर नावच लिहायचं असतं. पार्टमॅन हा इन्स्टॉलरचा डिस्कची वाटणी करणारा भाग; त्यात पार्टमॅन/कन्फर्म वेगळं, पार्टमॅन-एलव्हीएम/कन्फर्म वेगळं. शिवाय दोघांना प्रत्येकी एक जुळं भावंड आहे, शेवटी ‘नोओव्हरराइट’ लावलेलं. एकाला ‘ट्रू’ दिलं म्हणून दुसरं ऐकत नाही. मथळे वाचून अंदाजाने नावं टाकायची, पुन्हा बूट करायचं, पुन्हा डिस्क शोधेपर्यंत बसायचं, यात माझी पूर्ण संध्याकाळ गेली आणि हाती काही लागलं नाही.

सुटका केली ती बूटच्या ओळीतल्या डेबकॉन्फ_डीबग=५ ने. मग ऑल्ट आणि एफ४ दाबून चौथ्या कन्सोलवर गेलं की लॉगमध्ये प्रत्येक प्रश्न नावानिशी दिसतो. मशीन अडकलं की शेवटची ‘इनपुट क्रिटिकल’ अशी ओळ बघायची, तिच्यापुढचं नाव म्हणजेच आरोपी. माझ्याकडे तो पार्टमॅन-एलव्हीएम/डिव्हाइस_रिमूव्ह_एलव्हीएम निघाला. जुळ्यांसकट सगळी नावं फाइलीत टाकली आणि ते लॅबचं मशीन कोणी हात न लावता रीबूटपर्यंत गेलं, तेव्हा जाम बरं वाटलं. अंदाजांची ती संध्याकाळ मात्र अजून सलते.

त्यानंतर टेस्टची पद्धतच बदलली. व्हीएममध्ये एकदा मुद्दाम जुनं, एलव्हीएमवालं इन्स्टॉलेशन करून ठेवलं. क्यूईएमयूच्याच टूलने त्या डिस्कवर ओव्हरले, म्हणजे बदल वेगळे साठवणारा थर, बनवायचा, टेस्ट त्यावर चालवायची, मग ओव्हरले फेकून नवा घ्यायचा. खालची जुनी डिस्क जशीच्या तशी राहते आणि प्रत्येक टेस्ट खऱ्याखुऱ्या मळक्या डिस्कवर होते.

डिस्कचं नाव हाही असाच छुपा फरक. व्हीएममधली व्हर्टिओ प्रकारची डिस्क व्हीडीए म्हणून दिसते, लॅबमध्ये साटावाली एसडीए, एनव्हीएमई असेल तर वेगळंच. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर कधी पेनड्राइव्हच एसडीए होऊन बसतो, तेव्हा ग्रब हा बूटलोडर कुठे जाणार ते नीट बघा. आणि क्यूईएमयू आपणहून जुन्या बायोस पद्धतीने बूट होतं. तुमची मशीन्स यूईएफआय या नव्या पद्धतीची असतील तर व्हीएमला ओव्हीएमएफ हे यूईएफआय फर्मवेअर लावूनच टेस्ट करा.

एक राहिलंच, खरं तर आधी सांगायला हवं होतं. फाइलीतल्या प्रत्येक ओळीत प्रश्नाचं नाव, उत्तराचा प्रकार आणि उत्तर असतं; प्रकार आणि उत्तर यांच्यामध्ये एकच स्पेस किंवा एकच टॅब द्या. ओळी छान एकाखाली एक दिसाव्यात म्हणून जास्त स्पेस दिल्या तर त्या उत्तराचाच भाग होतात. डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स या कमांडला ‘-सी’ देऊन फाइल तपासता येते, पण ती तपासणी मांडणीपुरतीच. प्रश्नाचं नाव चुकलं असेल तर तिला पत्ता लागत नाही.

होस्टनेम आणि नेटवर्कची उत्तरं यूआरएलवरून येणाऱ्या फाइलीत लिहून उपयोग नाही, कारण ती फाइल आणण्याआधीच नेटवर्क लागलेलं असतं. ती बूटच्या ओळीत द्या. टेस्टपुरतं ‘-नो-रीबूट’ लावा, म्हणजे इन्स्टॉल संपल्यावर क्यूईएमयू बंद होतं आणि पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल सुरू होण्याची भानगड राहत नाही. रूटचा, म्हणजे मुख्य यूझरचा, पासवर्ड उघडा लिहू नका, हॅश करून, म्हणजे मूळ पासवर्ड दिसणार नाही अशा रूपात, टाका. फाइल एचटीटीपीवर पडलेली असते, कोणीही वाचेल.

आणि डिस्क पुसायला होकार देणाऱ्या ओळी असलेली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फिरू नका. त्या पडद्याला मी कितीही शिव्या घातल्या तरी त्याचा कर्सर ‘नाही’वर असतो हे योग्यच आहे. माझी ती फाइल फक्त लॅबच्या सर्व्हरवर असते, आणि काम झालं की सर्व्हर बंद.