बूट फाटला म्हणून शाफ्ट बदलायचा?

पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि शॉकअपच्या नळीवर काळं ग्रीस उडालेलं दिसलं, तर ते कुठून आलं हे शोधायला फार अक्कल लागत नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला देणाऱ्या दांडीच्या, बाहेरच्या टोकाला एक वळता जॉइंट असतो आणि त्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट असतो. तो चिरला की चाक फिरताना आतलं ग्रीस चौफेर भिरकावलं जातं. आमच्या गाडीचा डावा बूट असाच गेला. स्टेअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च घेऊन खाली वाकलो, तर सगळ्यात मोठ्या घडीच्या खोबणीत बोटभर चीर होती. चाक सरळ असताना घडी मिटलेली राहते, त्यामुळे ती दिसतच नाही.

आमच्या खान्देशात रबर टिकावं तरी कसं? एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, गाडी दिवसभर उन्हात. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याची काळी माती बुटाच्या घड्यांत बसते आणि वाळली की खडा होते. वर पऱ्हाटीचे बुंधे. कापूस काढल्यावर शेतात राहिलेला बुंधा तिरका कापलेला असतो, टायरलासुद्धा घुसतो. माझ्या बुटाची चीर मात्र घडीच्या तळाशी, रेषेत गेलेली होती आणि बाजूला बारीक भेगा होत्या. म्हणजे रबर वयानेच गेलं होतं, पऱ्हाटीवर आळ नको.

गॅरेजवाल्याने उभ्या उभ्याच निकाल दिला, "पूर्ण शाफ्ट टाका साहेब." त्याचंही एक बरोबर आहे. बूट बदलायला जवळपास तेवढीच खोलाखोली, आणि पुढे महिन्याभरात जॉइंट वाजला तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात येऊन भांडणार. पण बूट काही शे रुपयांचा आणि शाफ्ट काही हजारांचा. गाडी वळवताना अजून आवाज नव्हता. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवल्यावर कट-कट-कट ऐकू आलं असतं, तर मीही मुकाट नवा शाफ्ट घेतला असता, कारण तो आवाज म्हणजे आत खड्डे पडलेत. नव्या ग्रीसने ते भरत नाहीत. जॉइंट गप्प आहे तोवर खोलून बघण्यात अर्थ आहे.

आखाजी झाली, बहिणी आपापल्या घरी गेल्या आणि अंगणातल्या निंबाखाली गाडी घेतली. आबा खाटेवरून म्हणाले, "एवढी गाडी खोलीसन बठना, सांजले जोडाई का?" त्यांच्या हयातीत बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्यापलीकडे खोलाखोली लागली नव्हती, त्यामुळे शंका रास्त होती.

पहिली लढाई एक्सल नटाशी, म्हणजे शाफ्टला हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) धरणाऱ्या नटाशी. त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची. मग चाक जमिनीवर असतानाच, पोराला ब्रेक दाबून बसवून, बत्तीसची गोटी आणि बोअरचा उरलेला जीआय पाइप टॉमीवर चढवून नट फक्त सैल करायचा. पूर्ण काढायचा नाही, कारण गाडीचं वजन हब बेअरिंगवर असतं आणि त्या बेअरिंगला नटाच्याच आवळणीचा आधार असतो. नंतर जॅक, गाडी टेकवायच्या घोड्या, मागच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या गाडीखाली जात नाही.

हबला खालच्या लोअर आर्मशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा बोल्ट मात्र सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर ओढावा लागतो. बॉल जॉइंटच्या दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. नुसतं ठोकत बसलात तर दिवस जातो. तो निघाला, पहारीने लोअर आर्म खाली दाबला, हब बाहेर ओढला, नट उलटा लावून त्यावर लाकूड धरून दोन ठोके दिले, की शाफ्टचे दाते हबमधून सुटतात. इथे शाफ्ट हिसकायचा नाही. आतल्या टोकाचा जॉइंट सरकता असतो, जास्त ओढला तर तो आतल्या आत सुटतो आणि दुसरं काम उभं राहतं. मी सुतळीने शाफ्ट वर बांधून ठेवला. गिअरबॉक्समधून काढलाच नाही, त्यामुळे गिअर ऑइलही सांडलं नाही.

माझ्या गाडीत बाहेरचा जॉइंट शाफ्टवर एका लॉकने, म्हणजे स्प्रिंगच्या तारेच्या रिंगने, अडकलेला असतो. जॉइंटच्या आतल्या कडीवर पितळी ड्रिफ्ट (ठोकायची दांडी) ठेवून नेमका एक जोरदार ठोका दिला की उडी मारून निघतो. काही गाड्यांत तो निघतच नाही. तिथे शाफ्ट बाहेर काढून, आतला तीन रोलरचा जॉइंट खोलून, त्या बाजूने बूट सरकवावा लागतो. सुरुवात करण्याआधी आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर न निघणाऱ्या जॉइंटवर हातोडा चालवत बसाल.

आता खरी गंमत. जुनं ग्रीस बोटावर घेऊन दुसऱ्या बोटाने चोळलं. बाहेरच्या थराला कचकच होती, आतलं मऊ होतं. मग वर्तमानपत्रावर पातळ पसरून उन्हात धरलं. चांदीसारखे कण चमकले असते तर लोखंड झिजलंय असं धरलं असतं. फक्त मातीच दिसली.

जॉइंटची बाहेरची वाटी, आतली कडी आणि मधला पिंजरा यांवर पोरीच्या नेलपॉलिशने एका रेषेत खूण केली. पिंजरा तिरपा केला की एका बाजूचा छर्रा वर येतो, तो काढायचा, मग पुढचा. सहा छर्रे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ओळीने ठेवले, कारण ज्या खोबणीतला छर्रा त्याच खोबणीत परत गेला पाहिजे. रॉकेल आता कुठे मिळत नाही, म्हणून सगळं डिझेलमध्ये धुतलं, मग ब्रेक क्लीनर मारून कोरडं केलं. खोबणीत छर्रा धावतो तिथे चकचकीत पट्टा असतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. पण त्या पट्ट्यावर नख आडवं फिरवायचं. नख कुठे अडलं, की तिथे खड्डा आहे. माझं नख सहाही खोबणींतून सरळ गेलं. पिंजऱ्याच्या खिडक्यांतही छर्रे घट्ट बसत होते, खुळखुळत नव्हते.

हे एवढंसं यंत्र हातात घेतल्यावर डोक्याला फार बरं वाटतं. चाक वळलेलं असो की सरळ, छर्रे नेहमी दोन्ही दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात, म्हणून चाकाचा वेग कमी-जास्त होत नाही. 1920च्या दशकात आल्फ्रेड झेपा नावाच्या इंजिनिअरने हे बसवलं, आणि 1959 सालच्या ब्रिटिश मिनीने पुढच्या चाकांना ताकद द्यायला असाच जॉइंट वापरला. आज अमळनेरच्या बाजारात उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तोच आहे.

जोडताना आधी शाफ्टवर बूट आवळायची छोटी पट्टी, मग नवा बूट, मग बुटाच्या किटमधलं नवं लॉक. जुनं लॉक चांगलं दिसतंय म्हणून परत लावायचं नाही. ग्रीस किटच्या पाकिटातलंच, मॉलिब्डेनमवालं काळं. बेअरिंगसाठी घरात असलेलं पिवळं ग्रीस इथे भरू नका. अर्धं छर्ऱ्यांमध्ये बोटाने दाबून, उरलेलं बुटात. जॉइंट लॉकवर ठोकून बसल्यावर खेचून बघायचा, सुटता कामा नये. मोठी पट्टी आवळण्याआधी बुटाच्या ओठाखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर घालून आतली हवा सोडायची, म्हणजे बूट फुगत नाही आणि पिचकतही नाही. पट्टीचा कान जंबूरने दाबला. जास्त दाबलात तर कान तुटतो, कमी दाबलात तर ग्रीस गळतं. प्लॅस्टिकच्या टायने काम भागवणारे भेटतात. त्यांच्या रिमवर पावसाळ्यात बघा. आणि मुळातच उभा कापलेला, गोंदाने चिकटवायचा नवा बूट मिळतो, त्याने शाफ्ट न काढता काम होतं. तो मी आमच्या उन्हात लावणार नाही. घडी रोज हजारदा उघडमीट होते, गोंदाचा सांधा किती दिवस धरणार?

नवा एक्सल नट टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यावर आवळला, तोही चाक टेकवण्याआधी, पोराचा पाय ब्रेकवर ठेवून. मग कड खाचेत ठोकली. सांज व्हायच्या आत गाडी खाली होती, पण आबा तोवर झोपले होते.

पारोळा रस्त्याला एक फेरी मारली, मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गोल फिरवली. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिम पुसून परत पाहिलं, कोरडं. शेजारचे जिभाऊ म्हणाले, "आते उजवा बी देखी ले ना भो." पाहिला. घडीच्या तळाशी बारीक भेगा आहेत, ग्रीस अजून आतच आहे. धुळ्याहून किट मागवलंय, मृगाआधी तोही उरकायचा आहे.