‘द अपार्टमेंट’वरचा जुना आरोप

आज बिली वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’ (१९६०) पुन्हा पाहिला. तेव्हा काही समीक्षकांनी त्याला घाणेरडा म्हटलं होतं. बढतीसाठी साहेबांच्या लफड्यांना स्वतःचं घर देणारा कारकून बॅक्स्टर (जॅक लेमन), हा कसला नायक? मला हे पटत नाही. त्याला आवडणाऱ्या लिफ्टचालक फ्रॅनचा, आधी त्याच्याच घरात सापडलेला तडकलेला आरसा हातात येतो तेव्हा जॅक लेमनचा चेहरा बघा. बढतीची खरी किंमत बॅक्स्टरला तिथे कळते. विनोदी चित्रपटात फ्रॅन झोपेच्या गोळ्या घेते तो प्रसंग कशाला, हाही आक्षेप असतो. पण त्यामुळेच तर शर्ली मॅक्लेनची फ्रॅन जिवंत वाटते! (चित्रपटाला ५ ऑस्कर, तिला एकही नाही, याचा राग येतो.) मला खटकतं ते वेगळंच. सेक्रेटरी मिस ओल्सनची नोकरी जाते, फ्रॅनला फसवणाऱ्या साहेबाची, शेल्ड्रेकची खुर्ची मात्र शाबूत.