दोन पार्सर, एक डीटीडी

नियतकालिकांचे लेख एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाचा टॅग लावायच्या पद्धतीत, बसवून पुढच्या टीमकडे पाठवणं हे आमचं काम. त्या दिवशी सकाळीच त्यांचा मेल आला: सगळ्या फाइली रिजेक्ट. आमच्याकडे त्याच फाइली, त्याच डीटीडीवर (कोणते टॅग, कोणत्या क्रमाने, किती वेळा हे सांगणारी नियमावली), एकही एरर न देता व्हॅलिडेट होत होत्या.

एरर नीट वाचल्यावर कळलं, तक्रार लेखांबद्दल नव्हतीच. ती डीटीडीतल्या एका ओळीबद्दल होती. (टॅगची नावं इथे मराठीत देतोय; एक्सएमएलला देवनागरी नावं चालतातही.)

(शीर्षक, लेखक, लेखक?, लेखक?, सारांश?, विभाग+)

वाचायला सरळ आहे. स्वल्पविराम म्हणजे याच क्रमाने. चिन्ह नसेल तर नेमकं एकदा, ? म्हणजे एकदा किंवा नाहीच, + म्हणजे किमान एकदा. थोडक्यात, लेखक एक ते तीन.

गोची दुसऱ्या लेखकापाशी होती. तो पहिल्या प्रश्नचिन्हाचा की दुसऱ्या? माणसाला काहीच फरक पडत नाही, कसंही मोजा. पण 1998 च्या एक्सएमएल 1.0 मध्ये, एसजीएमएल या आधीच्या टॅग-भाषेशी जुळावं म्हणून, एक अट आहे: समोर आलेला टॅग नियमातल्या कोणत्या जागेचा, हे पुढचं न बघता तिथल्या तिथे ठरलं पाहिजे. ही चूक पकडायचीच, अशी सक्ती मात्र पार्सरवर, म्हणजे फाइल वाचून तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर, नाही. त्यामुळे आमचा पार्सर गप्प बसला, त्यांचा ओरडला, आणि दोघंही नियमातच. भांडायलाही जागा नाही!

ओळ अशी बदलली:

(शीर्षक, लेखक, (लेखक, लेखक?)?, सारांश?, विभाग+)

दुसरा लेखक असेल तरच तिसऱ्याचा प्रश्न येतो. आधी जे लेख पास होत होते तेच आताही होतात, एक कमी नाही की जास्त नाही. एकाही लेखाला हात न लावता सगळ्या फाइली गेल्या.

संध्याकाळी संपादकांचा निरोप आला, आता लेखक पंधरापर्यंत चालतील. डीटीडीऐवजी एक्सएसडी ही दुसऱ्या प्रकारची नियमावली असती तर मॅक्सऑकर्समध्ये (जास्तीत जास्त किती वेळा) 15 लिहून मोकळा झालो असतो. डीटीडीत आकडा लिहायची सोयच नाही, आणि पुढच्या टीमची सगळी यंत्रणा डीटीडीवर. तेरा कंस एकात एक घालायला मी साफ नकार दिला. लेखक+ लिहिलं आणि पंधराची मोजणी फाइल पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकली.